टोपरं घातलेला वरवंटा

आमच्या मोताळ्याकडच्या गावात पुष्पांजलीताई आरोग्य खात्याची आशाताई आहे. कुठं लेकरू जन्मलं की ती घरी जाते, हात धुते, ताप पाहते, लेकरू अंगावर नीट पिते का ते पाहते आणि काट्याला कापडाची झोळी लावून त्याचं वजन करते. शेतातल्या घरांना मी तिला माझ्या ऑटोतून नेतो. ती कामाची, मी बिनकामाचा. तिनं बाळंतिणीला समजवावं आणि मी सासूच्या चपला लपवाव्या, अशी आमची वाटणी. वय झालं माझं, अक्कल अजून रस्त्यात आहे.

त्या दुपारी रुखमाबाईच्या घरी गेलो. तिची सून राखी बाळंतीण होती. राखीचं पहिलं लेकरू पाळण्यातच गेलं होतं, म्हणून रुखमाबाईनं या खेपेला खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत दिव्याचा उजेड. शेगडीवर ओवा आणि लसणाची सालं जळत होती. डोळे सरावले, तेव्हा मला पाळण्यात दोन टोपरी दिसली.

एक लेकराचं. दुसरं वरवंट्याचं.

बारशाला वरवंटा सजवून पाळण्याखालून-वरून फिरवतात, हे तुम्हालाही ठाऊक. पण बारसं उरकलं की तो पाट्यावर जातो, चटणी वाटायला. रुखमाबाईनं तो जाऊच दिला नव्हता. कोणी न्यायला आलंच, तर अंधारात दगड उचलून नेईल, असा तिचा हिशोब. मला हसू आवरेना. ताईनं लेकरू मोजलं, काटा हिरव्या पट्टीत आला. मग मी टोपऱ्यासकट वरवंटा झोळीत घातला. काटा लाल पट्टीत. "रुखमाबाई, तुहा हा नातू सुकला वं," म्हटलं, तर राखीसुद्धा पदराआड हसली.

पुढच्या खेपेला कोणी हसलं नाही. लेकरू आवाज न करता रडत होतं. झोळीत घातलं, तर काटा लाल पट्टीत. ताईचा चेहरा उतरला. आजच बुलढाण्याला दवाखान्यात न्यायला पाहिजे, उद्यावर टाकलं तर हाती लागणार नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. रुखमाबाई दारात आडवी बसली. सव्वा महिना झाल्याबिगर लेकरू उंबरठ्याबाहेर जाणार नाही. राखी एकदा सासूकडं पाहे, एकदा ताईकडं.

भांडण निवावं म्हणून मी वरवंटा उचलला. उचलतानाच हात थबकला. गरम होता... शेगडी तर पार त्या कोपऱ्यात.

झोळीत ठेवला. काटा हिरव्या पट्टीत उतरला.

"आबा, अंगठा काढा," ताई म्हणाली.

मी दोन्ही हात वर केले. तरी तिचा भरवसा बसेना. तिनं मला अंगणात उभं केलं, झोळी काढली, झटकली, पुन्हा लावली आणि वरवंटा स्वतः ठेवला. काटा पुन्हा हिरव्याच पट्टीत, अंगणातूनही दिसत होता. झोळीची दोरी करकरत होती.

मग रुखमाबाईचा आवाज आला, एकदम बारीक.

"ताई... त्याचं टोपरं रोज सकाळी ओलं राह्यते. दुधाचा वास येते. मले वाटलं, बाजूच्या लेकराची लाळ असन..."

ती दारातून उठली. लेकरू स्वतः उचलून तिनं राखीच्या पदरात दिलं आणि राखीला नि ताईला माझ्या ऑटोत बसवलं. "जा मा लवकर," एवढंच म्हणाली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. आठवडा सरता सरता लेकरू असं रडायला लागलं की अख्खा वॉर्ड जागा. ते रडणं ऐकून मी पेढे वाटले, आणि त्यातल्या एकात मिरी घातली. ती नेमकी डॉक्टरांना गेली.

राखीचे कपडे आणायला आणि घाईत राहिलेली झोळी घ्यायला मी आणि ताई परत त्या घरी गेलो. रुखमाबाई अंगणात ताईशी बोलत बसली. मी आत गेलो. वरवंटा उघडाबोडका पाट्यावर पडला होता, त्याला चटणी लागलेली. काटा आणि झोळी आढ्याला तशीच लटकत होती. खोड जाते का माझी? पुसून घातला वरवंटा झोळीत. काटा लाल पट्टीत. दगड तो शेवटी दगडच, म्हणून हायसं वाटलं.

वरवंटा काढून घेतला. आता काटा वर जायला पाहिजे होता.

तो खाली उतरायला लागला. हळूहळू... लाल, पिवळा, हिरवा. रिकाम्या झोळीचं कापड मधोमध ताणलं, आणि खोलीत मुरलेल्या ओव्याच्या वासातून ताज्या दुधाचा वास आला.

मी बाहेर येऊन ताईला सांगितलं. "मी नाही फसत आबा," म्हणत ती हसली, आत गेली, काटा उतरवला, झोळीची घडी करून दोन्ही पिशवीत टाकलं आणि ऑटोत बसली.

"चला, जहांआराच्या घरी. तिचं लेकरू कालच घरी आलं."

मी ऑटो चालू केला. ताईनं पिशवी मांडीवर घेतली, आणि जरा वेळानं, स्वतःच्याही नकळत, ती मांडी हलवायला लागली.