खड्डा कोणाचा

बाजाराच्या कोपऱ्यावर गर्दी दिसली तेव्हा तिला वाटलं, भाजी स्वस्त लागली असेल. पण माणसं खाली बघत होती. कुणी छत्री तिरकी धरून, कुणी गुडघ्यांवर हात टेकून... सगळी खालीच. आणि खालून एक आवाज आला, "अहो, बघून झालं असेल तर कुणीतरी फोन करा."

पाण्याच्या नव्या पाइपलाइनसाठी खणलेला तो खड्डा होता. छातीइतका खोल, आणि दिवसभराच्या भुरभुरीनं तळाशी चिखल झालेला. त्या चिखलात एक तरुण बसला होता. एक पाय सरळ, दुसरा बघवणार नाही असा वाकडा.

"पाय हलवू नका," ती वरून म्हणाली.

"हलत नाहीये, म्हणून तर बसलोय."

दोघं जण त्याला काखेत हात घालून ओढायच्या बेतात होते. तिनं त्यांना थांबवलं, पर्स शेजारच्या बाईच्या हातात कोंबली आणि मातीच्या ढिगावरून घसरत सरळ आत उतरली. लोकांना वाटलं, काय धीट मुलगी आहे. ती फिजिओथेरपिस्ट होती, मोडलेले पाय रोज हाताळायची, हे खरं. पण ती त्यासाठी उतरली नव्हती. हा खड्डा तिच्या बाबांचा होता. बाबा नगरपालिकेच्या बांधकाम विभागात सुपरवायझर होते आणि या रस्त्याचं काम त्यांच्याकडे होतं. खड्ड्याभोवती लाल-पांढरे कठडे असायला हवे होते. एकही नव्हता.

तिनं त्याच्या गुडघ्याच्या वर आणि घोट्यापाशी हात धरून पाय स्थिर ठेवला. वरून कुणीतरी दोघांच्या डोक्यावर छत्री धरली.

"तुम्ही डॉक्टर?"

"नाही. मोडलेलं जुळलं, की मग आमचं काम सुरू होतं."

"म्हणजे जरा लवकरच आलात."

तिला हसू आलं. त्याच्या कपाळावर चिखल होता, ओठ दुखण्यानं पांढरे पडले होते, आणि तरी तो तिला हसवत होता.

"हा खड्डा कोणाचा हो?" त्यानं विचारलं. "त्या माणसाला एकदा भेटायचंय मला."

तिच्या मानेपर्यंत गरम झालं. "बोलू नका, दम लागेल," ती म्हणाली. पाय मोडल्यावर बोलण्यानं दम लागत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

अग्निशमन दलाची गाडी आली, मागोमाग रुग्णवाहिका. जवानांनी फळ्या टाकल्या, शिडी सोडली, पायाला खपच्या बांधल्या आणि त्याला स्ट्रेचरवर घेऊन हळूहळू वर काढलं. रुग्णवाहिकेचं दार लागता लागता त्यानं मान उचलली. "नाव तरी...?"

"नंतर," ती म्हणाली. आणि गर्दीतून वाट काढत जवळजवळ पळाली.

घरी आईनं तिचे कपडे बघून कपाळाला हात लावला. "कुठं लोळून आलीस?"

"घसरले."

बाबा खिडकीशी उभे होते. पाठमोरेच म्हणाले, "माझ्या साइटवर माणूस पडला आज. कठडे शाळेच्या रस्त्यावर नेले होते, तिथं मुलांची वर्दळ म्हणून. संध्याकाळी परत आणायला सांगायचं... राहून गेलं."

मी तिथंच होते, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या पाठीकडे बघून तिनं ते गिळलं.

बाबांना कारणे दाखवा नोटीस आली. खड्डा दुसऱ्याच दिवशी बुजवला गेला. आणि प्लास्टर निघाल्यावर तो तरुण कुबड्या टेकत, हातात हॉस्पिटलची चिठ्ठी घेऊन, नेमका तिच्याच व्यायामकक्षात आला. दारातच थांबला.

"खड्ड्यातल्या बाई," तो म्हणाला.

"बसा," ती म्हणाली. ती हाक मारणं त्याला जितकं सोपं गेलं, तितकंच ती ऐकणं तिला अवघड गेलं.

वस्तीतलं साप्ताहिक हाच चालवायचा. पाणी कुठल्या गल्लीत येणार नाही, मांजर कुणाची हरवली, दिवे कुठले बंद आहेत... बातम्या लिहायचा हा, छापून आणायचा हा आणि सायकलवरून घरोघर टाकायचाही हाच. त्यामुळे सगळे त्याला चेष्टेनं 'संपादक' म्हणायचे. पाय मोडल्यापासून अंक वाटायला चुलतभाऊ जात होता आणि संपादक पलंगावर पडल्या पडल्या एक सदर लिहीत होते. नाव होतं 'खड्ड्यातून'.

तिनं ते वाचलं होतं. सगळी वस्ती वाचत होती. त्यातला 'खड्डेवाला' हा एक पोट सुटलेला, चहा पीत उभा राहणारा, कुणाच्या हाडाशी देणंघेणं नसलेला माणूस होता. बाबांचं पोट सुटलेलं नव्हतं. एवढं सोडलं तर तिला त्यात बोलायला जागा नव्हती.

"गुडघ्याखाली टॉवेल आहे, तो दाबा," ती सांगायची. "धरून ठेवा. सोडू नका."

"तुम्ही म्हणालात तर आयुष्यभर धरून ठेवीन."

"टॉवेलबद्दल बोलतेय मी."

"मी पण टॉवेलबद्दलच बोलतोय. तुम्हाला काय वाटलं?"

ती आरशाकडे तोंड फिरवायची. आरशात तो तिच्याकडेच बघत असायचा. मग दोघंही एकदम काहीतरी दुसरं बघू लागायचे – खिडकी, पंखा, भिंतीवरचा हाडांचा तक्ता. त्याचा दिवस असला, की ती आदल्या संध्याकाळपासूनच उगाच गुणगुणायची. आणि जेवायला बाबा समोर बसले, की गुणगुणणं आपोआप थांबायचं.

एकदा तो म्हणाला, "एक कळत नाही. हा खड्डेवाला बुजवलेला रस्ता पुन्हा खणतो, पुन्हा बुजवतो. शोधतो तरी काय?"

"काहीतरी पडलं असेल त्याचं आत," ती म्हणाली.

"काय पडलं असेल?"

"लाज."

तो इतक्या जोरात हसला, की पलीकडच्या पलंगावरच्या आजींनी डोळे उघडले. त्याला हसताना बघून तीही हसली... मोकळी, खळखळून.

अंक आला. बाबांनी जेवणाच्या टेबलावर तो उघडला. सदर ते कधीच चुकवत नसत. का वाचता, असं आईनं विचारलं तर म्हणायचे, माझ्याबद्दल आहे, मी नको वाचायला? त्या दिवशी त्यांनी ते मोठ्यानं वाचलं.

"'खड्डेवाल्याचं काहीतरी आत पडलंय म्हणतात. म्हणून तो सारखा खणतोय. काय पडलंय, विचाराल? लाज.'"

आईच्या हातातला डाव थांबला. बाबांनी अंकाची नीट घडी केली.

"चांगलं लिहितो मुलगा," ते म्हणाले. उठले, स्वतःचं ताट स्वतः विसळलं आणि आत गेले. विसळण्याआधी ताटातलं अर्धं जेवण त्यांनी टाकून दिलं होतं. अन्न टाकणारा माणूस नव्हता तो.

त्यानंतर बाबा बाजारातून जाईनासे झाले. मागच्या गल्लीनं, कचऱ्याच्या कुंड्यांशेजारून ऑफिसला जायचे. ती खिडकीतून त्यांना जाताना बघायची आणि आपल्याच तोंडात मारावी असं तिला वाटायचं. मैत्रिणीला सांगावं तर काय सांगणार? आवडणाऱ्या मुलाला हसवायला बापाला विकलं?

पुढच्या खेपेला तो एकाच कुबडीवर आला, तोंडभर हसत. "तुमची ओळ गाजली. निम्मी वस्ती विचारतेय, कुणाला सुचलं म्हणून. मी म्हटलं, ते गुपित आहे."

ती टॉवेलची गुंडाळी करत राहिली. झालेली सोडून पुन्हा करत राहिली.

"आज बिनसलंय काही?" त्याचा आवाज उतरला. "मी... म्हणजे, मी आज वेगळंच बोलायला आलो होतो. आई म्हणते, व्यायामाच्या दिवशी तू दाढी करतोस आणि एरवी करत नाहीस, तेव्हा एकदा त्या मुलीच्या घरी जाऊन येऊ. तर... येऊ का?"

किती वाट बघितली होती तिनं या वाक्याची. आणि आता ते असं आलं होतं, की त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"तुम्हाला खड्डेवाल्याला भेटायचं होतं ना?" ती म्हणाली. "मग या. तो माझ्याच घरी राहतो. ते माझे बाबा आहेत."

त्याला आधी वाटलं, हीसुद्धा थट्टा. मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू हळूहळू विझलं.

"तुम्ही आत उतरलात, तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"आणि ती ओळ... स्वतःच्या वडिलांवर?"

"हो."

त्यानं कुबडी ओढली. उठताना तोल गेला. तिनं हात पुढे केला, तो त्यानं धरला नाही. दारापर्यंत जाऊन म्हणाला, "मला हसताना बघून तुम्हाला काय वाटत होतं हो, इतके दिवस?"

तिच्याकडे उत्तर होतं. पण 'छान' हा शब्द त्या क्षणी उच्चारता येण्यासारखा नव्हता.

त्याच संध्याकाळी तिनं बाबांना सांगितलं. चिखलाचे कपडे, व्यायामकक्ष, ती ओळ... सगळं, न थांबता, कारण थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. बाबा बुटांची नाडी सोडत बसले होते. नाडी सोडून झाली तरी वर बघेनात.

"तुला माझी लाज वाटते?" त्यांनी विचारलं.

"माझी वाटते, बाबा. तुमची वाटली असती तर एवढं लागलं नसतं."

"मला माझी वाटते," ते म्हणाले. "तो ॲडमिट होता तेव्हा मी गेलो होतो हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत. तीनदा. आत जाववलं नाही. नोटिशीला उत्तर लिहिलं, मजूर कमी, कठडे अपुरे, सगळं खरं लिहिलं. पण त्या पोराला जाऊन 'चुकलं' म्हणायला पाय उचलेना." मग म्हणाले, "कुठं राहतो तो?"

रविवारी सकाळी दोघं गेली. छापखान्याच्या वर दोन खोल्या, चढायला अरुंद जिना. दार त्याच्या आईनं उघडलं. बाबांनी हात जोडले आणि उंबऱ्याबाहेरूनच सांगून टाकलं, "तो खड्डा माझा होता."

त्याच्या आईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. मग सुरू झाल्या. "तुम्हीच का ते? या, बघा तरी, काय करून ठेवलंय. एवढा घोडा मुलगा, त्याला धरून मी आंघोळीला न्यायची. एकदा रडला होता पोरगा, दुखतंय म्हणून नाही, आईला उचलावं लागतंय म्हणून..."

"आई, पुरे," आतून संपादक म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता.

"बोलू द्या त्यांना," बाबा म्हणाले. "मी ऐकायलाच आलोय."

आणि ते खरंच उभे राहून ऐकत राहिले. ती त्यांच्या मागे उभी होती. बाबांची मान खाली होती, पण पाठ नव्हती वाकली. शेवटी आईंचाच दम संपला. "आता बसा," त्या म्हणाल्या, "चहा टाकते. अजून बोलायचंय मला."

संपादक पलंगाच्या कडेला बसून होता. "मी बातमीदार म्हणवतो," तो बाबांना म्हणाला, "आणि एकदाही तुमच्याकडे येऊन विचारलं नाही, काय झालं म्हणून. घरबसल्या पोट सुटलेला माणूस तयार केला."

"आला असतात तर काय सांगणार होतो? विसरलो, एवढंच. ते छापा."

"छापीन. तुमच्या नावानं, तुमच्या शब्दांत."

बाबांनी मान डोलावली. मग आईंची दुसरी फेरी सुरू झाली – शेजारणीच्या दारातली मोरी कधी दुरुस्त करणार, इथपासून – आणि तो कुबडी घेऊन जिन्यापाशी आला. ती आधीच तिथं जाऊन उभी होती.

"मी अजून रागावलोय," तो म्हणाला.

"रागवायलाच हवं."

"राग जात नाहीये, आणि तुम्हीही डोक्यातून जात नाही आहात. मोठी पंचाईत आहे."

ती खालच्या पायरीकडे बघत राहिली. "तुम्ही विचारलं होतंत ना, तुम्हाला हसताना बघून काय वाटायचं... छान वाटायचं. इतकं, की त्यापुढे बाबासुद्धा दिसले नाहीत मला. याचीच तर लाज वाटते. तुमच्याकडे बघायचं धाडस होत नाही."

"मग बघू नका. पायाकडे बघा. हा जिना मला अजून एकट्यानं उतरता येत नाही."

कामाचं निघाल्यावर तिला जरा श्वास घेता आला. ती एक पायरी खाली जाऊन त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. "आधी कुबडी. मग दुखरा पाय. मग चांगला."

"आणि पडलो तर?"

"म्हणून मी खाली उभी आहे."

त्यानं कुबडी टेकवली. पाय उचलला. जिना इतका अरुंद, की त्याचा श्वास तिच्या केसांना लागत होता. खालून छापखान्याच्या शाईचा वास येत होता, वरून कपबशांचा आवाज. त्याचा पाय पायरीच्या कडेवर थरथरला आणि तिच्या तोंडून निघून गेलं –

"हळू उतर."

दोघंही थांबली. तिनं जीभ चावली. पण शब्द निघून गेला होता, आणि तो परत घ्यावा असं तिला वाटेना. तिनं मान वर केली आणि पहिल्यांदाच न चुकवता त्याच्याकडे पाहिलं.

"उतरतो," तो म्हणाला. "तू जरा सरक."