खिळ्यावरचा दांडा

हिरामण देवळाली कॅम्पला उतरला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. दर रविवारी मनमाडहून पॅसेंजर पकडायची, खंडेरावांच्या घरी चहा प्यायचा, दोघांनी रेडिओत डोकं घालून बसायचं आणि सहाच्या गाडीने परतायचं, हा त्याचा अठरा वर्षांचा नेम. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस संसारापेक्षा रेडिओत जास्त रमतो, असं त्याची बायकोच चारचौघांत सांगायची. आज फरक एवढाच होता, की खंडेरावांना जाऊन महिना झाला होता.

खंडेराव तोफखान्यातले रेडिओ मेकॅनिक. हौशी, म्हणजे हॅम रेडिओवर जगभर बोलायचे, पण आवाज लांब पोचवणारा अ‍ॅम्प्लिफायर विकत आणणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. तो त्यांनी घरीच बांधला होता, जुन्या पत्र्याच्या पेटीत दोन थोरले काचेचे व्हॉल्व्ह बसवून. पेटीत अडीच हजार व्होल्ट खेळायचे. त्या विजेनेच खंडेरावांचा जीव घेतला, आणि तोही पेटीचा प्लग काढलेला असताना.

अशा पेटीच्या कंडेन्सरमध्ये बंद केल्यावरही वीज साचून राहते, एकदा उतरली तरी हळूहळू पुन्हा गोळा होते. ती जिरवायला आत एक रेझिस्टर असतो. त्याच्यावरही भरवसा नको म्हणून बाहेर दांडा. वेताची काठी, टोकाला तांब्याचा आकडा, आकड्याला जाड वायर आणि वायरीला चिमटा. चिमटा पत्र्याला लावायचा, आकडा आत टेकवायचा, मगच हात घालायचा. खंडेराव हे कधी चुकले नव्हते, त्या एका दिवसाखेरीज. आणि तो रेझिस्टर दिवाळीत बदलून दिला होता हिरामणने. "तुझा हात लागलाय, आता दांड्याला सुट्टी," असं ते हसत म्हणाले होते. महिनाभर त्या वाक्याने हिरामणला झोप लागू दिली नव्हती.

खंडेरावांच्या बायकोने, लंकाबाईंनी, पेटी निफाडच्या संघर्षला द्यायचं ठरवलं होतं. पोरगा नवा हौशी, उद्या न्यायला येणार होता. त्याआधी हिरामणला आत बघायचं होतं. रेझिस्टरचा जोड सुटला असेल तर गुपचूप नवा द्यायचा. कुणाला कळणार होतं? हा विचार मनात आल्याची त्याला लाज वाटली, पण विचार गेला नाही.

"भाऊजी, खोली उघडीच हाय," लंकाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मी नाय येत आत."

खोलीत उकाडा कोंडला होता. तापलेल्या धुळीचा वास येत होता. दांडा नेहमीच्या खिळ्यावर होता. हिरामणने स्क्रू काढून पेटीचं झाकण बाजूला ठेवलं. महिनाभर बंद पेटी, तिच्यात काय उरलं असणार, असं म्हणत त्याने सरळ हात घातला.

पाठीमागे काहीतरी खाडकन पडलं.

हिरामणचा हात आपोआप बाहेर आला. दांडा खिळ्यावरून सुटून त्याच्या पायाशी पडला होता. फायरिंग रेंजवरच्या तोफेने भिंत हादरली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. तोफ मात्र त्याने ऐकली नव्हती. त्याने दांडा उचलला, मुठीवरची लाल टेप ओळखीची होती. चिमटा लावला, आकडा टेकवला.

फाट्... निळी ठिणगी उडाली आणि कानात दडे बसले.

मग दांडा खिळ्यावर अडकवून त्याने पकडीने आपला जोड हलवून बघितला. वरून चकचकीत, आतून मोकळा. सोल्डर देण्याआधी वायरीला दोन पीळ द्यायचे, ही खंडेरावांची शिस्त. दिवाळीत सहाची गाडी चुकेल म्हणून त्याने पीळ न देताच नुसतं सोल्डर चढवलं होतं.

सोल्डरिंगचं सामान पिशवीत होतं. त्याने पिशवीला हात लावला आणि हात काढून घेतला. मग तो तसाच स्वयंपाकघरात गेला, लंकाबाईंसमोर खाली बसला आणि सगळं सांगून टाकलं. पिळाचं, गाडीचं, गुपचूप जोड द्यायच्या विचाराचंही. सांगताना तो लहान मुलासारखा रडला.

लंकाबाईंनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"तुमचं चुकलं," त्या म्हणाल्या. "त्यांचंबी चुकलंच की. दांडा हाताशी होता, घेतला नाय."

"त्याच दांड्याने आज मला वाचवलं, वहिनी."

"कुठला दांडा?"

"खिळ्यावरचा. लाल टेपचा."

लंकाबाई उठल्या. त्यांनी फळीवरचा स्टीलचा डबा काढून त्याच्यापुढे उघडला. आत तांब्याचा आकडा होता, जळून काळा पडलेला.

"मला लय राग आला होता त्या दांड्याचा... मी तो त्यांच्यासंगं सरणावर ठिवला, भाऊजी. राखेत एवढंच घावलं."

हिरामणने आकडा उचलून उलटसुलट करून बघितला.

"आन् हा राळेचा वास," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही मघाशी सोल्डर केलं का आत? ते करायचे तवा असाच यायचा..."

वास हिरामणलाही येत होता. सोल्डर वितळताना निघणारा, राळेचा.

दोघं खोलीच्या दाराशी गेली. खिळा रिकामा होता. पिशवी हिरामणने ठेवली तशीच, बंद. लंकाबाई महिन्यात पहिल्यांदाच उंबरठा ओलांडून आत आल्या आणि त्याच्या खांद्यामागून वाकून पेटीत बघू लागल्या.

जोड नवा दिलेला होता. सोल्डरखाली वायरीचे दोन पीळ स्पष्ट दिसत होते. हिरामणने बोट टेकवलं. जोड अजून कोमट होता.