सत्यानाशीचा डाग

केन नदीकाठच्या पडीक रानात सुखरानीचं प्रेत सापडलं. पोलीस ठाण्याची दरोगा उर्मिला निषाद जीपमधून उतरली, तोवर गावाने गुन्हेगार ठरवून टाकला होता. घसीटे कुंभाराला निंबाला बांधून बडवलं होतं.

"सोडा त्याला!" उर्मिला कडाडली.

"बाई, यानेच गळा आवळला," सुखरानीचा दीर हरगोविंद म्हणाला. "माझी विधवा वहिनी याच्याशी पाट लावणार होती. ऐनवेळी नाही म्हणाली असेल."

"असेल? तू पाहिलंस?"

"सगळं गाव सांगतंय."

"गावाकडे नंतर बघते."

प्रेताभोवती सत्यानाशी, म्हणजे आपला पिवळा धोत्रा, कमरेएवढी माजली होती. काटेरी झाडं आडवी झाली होती. मोडक्या देठांतला पिवळा चीक सुखरानीच्या पांढऱ्या लुगड्यावर वाळला होता. घसीटेच्या कपड्यांवर रक्त होतं, माती होती. पिवळं काहीच नव्हतं.

"काल कुठे होतास?" तिने हरगोविंदला विचारलं.

"दिवसभर चुलतभावाच्या हळदीला. आताही तिथूनच आलोय. ही बघा बाही, अजून पिवळी आहे."

"इकडे फिरकलास?"

"महिनाभरात नाही."

उर्मिला त्याला घेऊन लग्नघरी गेली. हातपंपाशी बायका हळदीचे कपडे धूत होत्या. साबण लागेल तिथे डाग लालभडक होत होते. ती क्षणभर बघत राहिली.

"कुर्ता काढ."

तिने स्वतः बाहीला साबण घासला. पुन्हा घासला. डाग पिवळाच राहिला.

"साबण लागला की हळद लाल होते, हे इथल्या पोरीसोरींनाही ठाऊक आहे. तुला कुठून कळणार? जन्मात स्वतःचा कपडा धुतलायस? हा सत्यानाशीचा चीक आहे. ती जिवाच्या आकांताने धडपडली, झाडं मोडली, तेव्हा तुझ्या बाहीला लागला. काल मांडवातून कधी उठलास?"

"दुपारच्या पंगतीला नव्हता," पंपाजवळची म्हातारी पुटपुटली. "याचं वाढलेलं पान तसंच मीच उचललं."

हरगोविंद उसळला. "मग काय कुंभाराच्या घरी नांदू द्यायची? घराण्याचं नाक कापून?"

उर्मिलाने त्याला बेड्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन होऊन प्रेत परत आलं. अग्नी कोण देणार, अशी कुजबुज सुरू झाली.

"घसीटे, ये पुढे," उर्मिला म्हणाली.

"पण बाई, जात..." सरपंच चाचरले.

"काल याला बांधताना दोर कुणी दिला, सरपंच? तेवढं सांगा, मग जातीचं बोलू."

सरपंच बाजूला झाले. फाटक्या ओठाने रडत घसीटे पुढे आला.