मागून येणारा शब्द

डबा परत करायलाच आलात ना? मग बसा की जरा, सुखदेवभाऊजी. हे खाली पार्किंगमध्ये गेलेत. तोवर तुम्हाला एक सांगून घेते. लिफ्टचा आवाज आला की मी गप्प बसेन, मग तुम्हीही काही विचारू नका.

आम्ही परवा सायकलवरून परत आलो, हे तुम्हाला माहीतच आहे. जायच्या आधी सगळी सोसायटी विचारून गेली होती, या वयात सायकलवर कोकणात कशाला, एसटी बंद पडली का? त्यात मागच्या वर्षी ह्यांच्या छातीत स्टेंट बसवलेला. डॉक्टर म्हणाले चालवा, पण दमानं. म्हणून मी पुढे आणि हे मागे, असं ठरलेलं. मी पुढे असले की वेग माझ्या हातात राहतो, नाहीतर चढ दिसला की आमच्या रंगनाथरावांच्या अंगात येतं.

जाताना डांबरी रस्त्यानं गेलो. येताना मात्र ह्यांनी हट्टानं डोंगरातला, धरणांच्या मागून येणारा कच्चा रस्ता धरला. दिवसचे दिवस माणूस दिसत नाही तिकडे. नुसती सुटी खडी आणि लाल माती. चाक जरा वाकडं पडलं की घसरलंच, त्यामुळे मागे वळून बघायची सोय नाही. त्यावर आमची एक पद्धत आहे. खड्डा आला की पुढच्यानं ‘खड्डा’ म्हणायचं आणि मागच्यानं तोच शब्द परत म्हणायचा. म्हणजे मागच्याला कळतं की खड्डा आहे, आणि पुढच्याला कळतं की मागे माणूस आहे. माझा सगळा जीव त्या परत येणाऱ्या शब्दात असायचा, भाऊजी. ह्यांचं बरं चाललंय, एवढं मला त्याच्यावरून कळायचं.

शेवटच्या दिवशी सकाळी धरणाच्या पाण्यावरून धुकं वर आलं. डिसेंबरचं धुकं ते, स्वतःचं पुढचं चाकसुद्धा पुसट दिसत होतं. सगळीकडे ओल्या गाळाचा वास. टायरखाली खडी चुरचुरत होती, बाकी आवाज म्हणून नाही. मी ‘खड्डा’ म्हणायची, मागून ‘खड्डा’ यायचं. मी ‘खडी’, मागून ‘खडी’. बरं चाललं होतं.

मग एक खड्डा दिसला. मी तोंड उघडलं आणि मागून आलं, “खड्डा.”

मी अजून बोललेच नव्हते.

वाटलं, थट्टा चाललीय. पण मागच्याला तो दिसणार कसा? मलाच हातभरावर आल्यावर दिसला होता. पुढच्या वळणावर परत तेच. “दगड,” असं मागून आलं, आणि मग मला दगड दिसला. अहो, पुरे झाली गंमत, म्हटलं. मी कान दिला तर खडीचा आवाज एकाच सायकलचा येत होता... माझ्या.

मी थांबले. पाय टेकून मागे बघितलं. रस्ता रिकामा होता.

हे पडले, छातीत कळ आली, हेच डोक्यात आलं. फोनला रेंज नव्हती. सायकल तिथंच टाकली आणि हाका मारत उलटी पळत सुटले. किती पळाले देव जाणे. एका वळणावर हे कडेच्या दगडावर बसलेले दिसले. सायकल आडवी, चेन तुटून लोंबत होती. मी आधी ह्यांच्या छातीवर हात ठेवला. ठोके पडत होते. मग मात्र मला रडू आवरेना.

हाक का नाही मारलीत, म्हणून मी चिडून विचारलं.

“मारली की,” हे म्हणाले. “तूच म्हणालीस, तिथेच बसा, मी येते.”

मी असलं काही म्हटलं नव्हतं. पण माणूस सापडल्यावर वाद कोण घालत बसतंय? ह्यांनी चेन जोडायला घेतली. एरवी चेन जोडताना हे चेन बनवणाऱ्यापासून सगळ्यांचा उद्धार करतात. त्या दिवशी एक अक्षर नाही. मी समोरच उभी होते, ह्यांचे ओठ मिटलेले होते. आणि तेवढ्यात धुक्यातून, आणखी मागून, लांबून हाक आली.

“श्रद्धा... थांब गं... चेन तुटलीय...”

ह्यांचाच आवाज. धाप लागलेला.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मानसुद्धा वर केली नाही. “वारा आहे,” म्हणाले. “चल.”

झाडाचं पान हलत नव्हतं, भाऊजी. तरी मी निघाले. समोर माझा नवरा धडधाकट उभा होता, त्याला सोडून धुक्यात कुणाला शोधायला जाणार होते मी?

वाटभर मी एकही खड्डा सांगितला नाही. शहरात शिरून वारज्याच्या पुलाखाली आलो तेव्हा ऊन होतं, गर्दी होती, हॉर्न वाजत होते. जिवात जीव आला. समोर आपला तो नेहमीचा खड्डा दिसला. मी सवयीनं तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आलं.

“खड्डा.”

मी वळून बघितलं नाही.

दोन रात्री झाल्या, शेजारी झोपतात. जेवतात, पेपर वाचतात. मी मीठ मागायच्या आत बरणी पुढे करतात. ह्यांच्या हृदयाच्या गोळ्या प्रवासात माझ्या पिशवीत असतात, अजूनही तिथंच आहेत. आल्यापासून ह्यांनी त्या एकदाही मागितलेल्या नाहीत. आणि माझ्या कानातून ती धाप जात नाही. तिकडे थंडी किती असेल, भाऊजी... आणि गोळ्या इथे.

म्हणून उद्या उजाडायच्या आत मी तिकडे जाणार. एकटी, गोळ्या घेऊन. ह्यांना सांगितलेलं नाही, कुणालाच नाही. खरं तर ठरवलंच आत्ता, तुमच्याशी बोलता बोलता.

काय म्हणालात?

वर येताना भेटले तुम्हाला? दोन्ही सायकलींत हवा भरत होते?

आणि... काय म्हणाले?

‘श्रद्धाला उद्या एकटीला कसं जाऊ देऊ?’

भाऊजी, गप्प बसा आता. लिफ्ट आली.