शेवटचं कोरं पान

विजेच्या मोटारींत तार गुंडाळणारा मिस्त्री बाइंडिंगवालीच्या दुकानात शिरला तो पुस्तक बांधून घ्यायला. मोटारींचं जुनं पुस्तक, पानं निखळलेली. चार दिवसांनी ते हातात आलं, तेव्हा मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं – ‘गुंडाळायला तांब्याचीच तार का? लोखंडाची का नाही?’

तो तसाच परत फिरला.

“हे काय?”

“प्रश्न.” बाइंडिंगवालीनं सुईत दोरा ओवता ओवता म्हटलं. “शिवण्याआधी मी सगळं वाचते. हे काही कळलं नाही.”

“दहा वर्षं तारा गुंडाळतोय. कुणी विचारलं नाही मला.”

“तुम्ही तरी विचारलंत का?”

मिस्त्रीची चौथीत शाळा सुटलेली... पुस्तक तो चित्रांपुरतंच उघडायचा. त्या आठवड्यात त्यानं अक्षर अक्षर लावून वाचलं.

“तांब्यातून वीज सहज जाते. लोखंड लगेच तापतं.”

“बरोबर.” ती हसली. “आता दुसरं काहीतरी फाडून आणा.”

आणि त्यानं खरंच आणलं. एकामागून एक.

“अहो, हे तर कोरं करकरीत आहे!”

“शिवण जरा... सैल वाटली.”

“शिवण की मिस्त्री?”

त्याचे कान लाल झाले. पुढच्या पुस्तकात मागचं पान त्यानंच भरून दिलं – ‘लग्न कराल का माझ्याशी?’

“इतका सोपा प्रश्न?” ती म्हणाली, आणि खाली ‘हो’ लिहून तिनं आधी त्या पानावर, मग त्याच्याकडे पाहिलं.

संसार दोन खोल्यांचा. संध्याकाळी ती खळ शिजवायची, तो मोठ्यानं वाचायचा. तो अडला की ती म्हणायची, “थांबा मिस्त्री, पळू नका. मागचं वाक्य पुन्हा.” वायरमनच्या परीक्षेत तो पहिल्यांदा आपटला.

“दोन प्रश्न कोरे का सोडले?”

“येत नव्हते, मास्तरीणबाई.”

“चुकलं तरी चालेल. कोरं सोडायचं नाही.”

दुसऱ्या खेपेला तो पास झाला. कारखान्यात कायम लागला. आता सुपरवायझरची परीक्षा द्यायची, असं तिनंच ठरवलं. तेव्हाच तिचं दुखणं निघालं.

दवाखान्यातल्या खाटेवर ती त्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन शिवत बसायची. बोटांत जोर नव्हता. टाके वाकडे पडत होते.

“राहू दे गं.”

“तुम्हाला शिवण नेहमीच सैल वाटते,” ती म्हणाली. दोघंही हसले. त्याला ते हसू पुरं करता आलं नाही.

ती गेली. पुस्तक कपाटावर पडून राहिलं. तो कामावर जायचा, यायचा, भिंतीकडे बघत बसायचा. घरात मोठ्यानं एक शब्द उमटत नव्हता. आठ महिने.

मग एका रविवारी त्यानं ते खाली काढलं. धूळ पुसली. आधी शेवटचं पान उघडलं, सवयीनं. पेन्सिल फिकी होती, अक्षर थरथरलेलं.

‘माझ्याशिवाय शिकाल ना?’

तिची पेन्सिल दोऱ्यांच्या डब्यातच होती. त्यानं खाली लिहिलं – ‘नाही.’

उत्तर चुकलं होतं, त्यालाही ठाऊक होतं. पण कोरं सोडायचं नव्हतं.

मग त्यानं पुस्तक उलटं केलं, पहिलं पान काढलं, आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं वाचायला लागला. दुसऱ्याच ओळीत अडला. थांबला. मागचं वाक्य पुन्हा घेतलं.