उणे आकडा

हसू नका बे पोट्टेहो! देवानंद मास्तर माह्या पाहण्यातला मानूस हाय, किन्हीराजाचा. खोटं बोलत असंन तं माही जीभ झडो.

मागच्या मार्गशीर्षातली अवस, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या लेकरायले शनी दाखवायचा होता, म्हनून मास्तरानं शाळेची कम्प्युटरवाली दुर्बीण घराच्या गच्चीवर मांडली. ताऱ्याचा आभाळातला पत्ता टाकला का ते मशीन आपोआप तिकडं वळते. रिमोटवर दोन आकडे दिसतात, एक दिशेचा, एक उंचीचा. क्षितिजाच्या खाली गेलं तं उंचीचा आकडा उणे.

नेम धराची लहान नळी उजेडातच दूरच्या वस्तूवर जुळवून घ्या लागते. मास्तरानं कायच्यावर जुळवली? नाल्यापल्याडच्या मसणातल्या टिनाच्या शेडवर! शेजारची गोजराबाई खालूनच खेकसली, "अरे बावा, मसणाकडं बोट दाखवत नसतात! दाखवलं तं चावून घ्या लागते. तू तं तोफच रोखली!"

मास्तर हसला. "काकू, मशीनले बोट कुठी असते?"

रात्रीचे साडेआठ. बायको माहेरी गेलती. सहा वर्साची लेक सुचिता शनीची वाट पाहून पाहून तिथंच बाजेवर, वाकळीत झोपली. मास्तरानं शनीचा पत्ता टाकला. मशीन घुरघुरलं... अन् खाली वळलं. थेट मसणाकडं.

उणे दोन.

"असं काहून करून राह्यलं हे?" बटनं दाबली. ऐकेच ना.

उणे तीन. उणे पाच.

गच्चीवरून पाह्यलं तं जमिनीवरची वस्तू जशी जवळ येते तसा आकडा खाली जाते, हे मास्तरालेच पक्कं ठाऊक. काईतरी नाला उतरून घराकडं येत होतं, अन् दुर्बीण त्याच्यावर नेम धरून होती. त्यानं तार उपटली. मशीन फिरतच राह्यलं.

उणे वीस... उणे पन्नास... खाली कुत्रं एकदाच केकाटलं.

उणे ऐंशी. भिंतीपाशी.

"कोन हाय बे?"

...

मंग आकडा वर चढाले लागला. उणे साठ. उणे तीस. उणे दहा...

शून्य. गच्चीच्या बरोबरीत.

दुर्बिणीचा नळा हळूच वळला. बाजेकडं.

मास्तरानं पोरीवर अंग टाकलं. पाठीवर थंडगार बोटं... बाजूले सरक, म्हनल्यावानी ढकलत होती. पार उजाडेलोक. तो सरकला नाई.

सकाळी पोट्टी धडधाकट होती. मास्तरानं तिले त्याच दिवशी अनसिंगले मामाकडं धाडलं. दुर्बीण शाळेच्या कपाटात, कुलपात. पन कपाट उघडलं का नळ्याचं तोंड अनसिंगकडं. सरळ करून ठेवा, परत उघडा, अनसिंगकडंच!

मामाले हे समजलं. सोमवारी रातच्याले तो कोनाले न सांगता पोरीले मंगरूळपीरले घेऊन गेला. मास्तरालेबी सांगतलं नाई.

मंगळवारी मास्तरानं कपाट उघडलं.

तोंड मंगरूळपीराकडं होतं.