आजोबांना येणारा चारचा फोन

विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय. आणि रात्री नाही... भर दुपारी, लख्ख उजेडात.

महासाथीत सगळे घरात कोंडले होते, तेव्हा ताई एका संशोधनात काम करायची. एकटं राहणाऱ्यांच्या मनाचं काय होतं, याचा अभ्यास. यादीत साठ माणसं. प्रत्येकाला महिन्यातून एकदा फोन, तेच वीस प्रश्न, उत्तरांना गुण.

त्यांत एक आजोबा होते. छापखान्यात प्रुफं तपासून निवृत्त झालेले. तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे.

पहिल्या महिन्यात तिनं विचारलं, "एकटं वाटतं?"

"भिंतीशी बोलतो, बाई. ती निदान माझ्या चुका तरी काढत नाही."

दुसऱ्या महिन्यात ताईचे बाबा गेले. हॉस्पिटलमध्ये. घरच्या कुणालाच आत सोडलं नाही.

ताईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. चौथ्या दिवशी ती पुन्हा फोनवर बसली.

आजोबांची पाळी आली. "एकटं वाटतं?"

"आता नाही. तुम्ही असता ना."

तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

पुढच्या महिन्यात तेच उत्तर. त्याच्या पुढच्याही. आजोबांच्या एकटेपणाचे गुण शून्यावर आले. संशोधन चालवणाऱ्या मॅडम जाम खूश. ताईला मात्र राहवेना.

"आजोबा, मी महिन्यातून एकदाच फोन करते."



"असं काय करता? रोज चारला करता की."

"काय बोलते मी?"

"बोलता कुठे? रडता. मी ऐकतो. मध्येच म्हणता, बाबांना पाणी हवं होतं."



बाबांबद्दल तिनं चकार शब्द काढला नव्हता. आणि पाण्याचं... ते तर तिलाही माहीत नव्हतं.

बाहेर पडायची मुभा मिळाल्याबरोबर ती त्यांच्या घरी गेली. मास्क लावून दारापाशीच्या खुर्चीत बसली. आजोबा बोलके, हसरे. कोपऱ्यात जुना काळा फोन.

चार वाजले.

फोन वाजला...

आजोबांनी चमकून ताईकडे पाहिलं. तिचा मोबाइल तिच्याच मांडीवर होता. बंद.

त्यांनी रिसीव्हर उचलला. ऐकत राहिले. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"हो," ते फोनमध्ये म्हणाले, "आलीय. समोरच बसलीय."

मग त्यांनी रिसीव्हर पुढे केला.

"तुमच्याशी बोलायचंय म्हणते."

ताईनं तो कानाला लावला. आधी नुसते हुंदके... मग कुठल्याशा यंत्राची टुकटुक...

मग तिचाच आवाज. रडून रडून बसलेला.

"मी बाबांजवळ आहे. ते तुला काहीतरी सांगतायत. देऊ त्यांच्याकडे?"

ताईनं रिसीव्हर आदळला.

त्यानंतर आजोबांना तो फोन कधीच आला नाही. पुढच्या महिन्यात वीस प्रश्न संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "फार सामसूम झालीय, बाई." वर्षभरात तेही गेले.

ताई आजही तेच काम करते. माणसाला रडू द्यावं, असं नव्या मुलींना शिकवते. स्वतः मात्र अजून रडलेली नाही.

परवा हे सांगता सांगता ती थांबली. "खरं सांग, बोलायला हवं होतं का रे मी?"

"बरं केलंस फोन ठेवलास ते," मी तोंडदेखलं म्हणालो.

पण झोप लागत नाही. हॉस्पिटलच्या त्या खोलीत घरच्या कुणालाच सोडत नव्हते...

मग ताईच्या बाबांच्या उशाशी, तिच्याच आवाजात, बसलं होतं कोण?